पडद्यावरच्या खेळांची पारख



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘व्हिडिओ गेमचे परीक्षण’ असे उत्तर दिले. ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे भाव उमटले ते आम्हांला अजून आठवतात. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण यांवर बोलायचे, तेथे मुलांच्या हातातल्या खेळण्याला काय स्थान, अशी शंका त्यांना आली असावी. ती त्यांनी बोलून दाखवली नाही, याबद्दल त्यांचे आभार मानून आम्ही विषयाकडे वळतो.

मागे एकदा आमच्या शेजारचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. आम्ही खेळांविषयी लिहितो हे त्यांना ठाऊक होते. ते म्हणाले, “आमचा मुलगा रोज संध्याकाळी संगणकापुढे खेळत बसतो. तो खेळ चांगला की वाईट, एवढे एका शब्दात सांगा.” आम्ही विचारले, “खेळ कोणता?” ते म्हणाले, “ते काही मला माहीत नाही. व्हिडिओ गेम आहे.”

मंडळी, या उत्तरातच आजच्या व्याख्यानाचे सगळे सार आहे. ‘मुलगा पुस्तक वाचतो, ते चांगले की वाईट?’ असे कोणी विचारले, तर आपण त्याला आधी पुस्तकाचे नाव विचारू. कोश, कादंबरी, पंचांग आणि पाकशास्त्र यांना एकच कसोटी लावणारा परीक्षक आपण हसण्यावारी नेऊ. परंतु पडद्यावरच्या खेळांच्या बाबतीत सुशिक्षित माणसेही हेच करतात. दूध लिटरने मोजावे, कापड मीटरने मोजावे. एकाचे माप दुसऱ्याला लावले तर माप खोटे पडते आणि माल फुकट बदनाम होतो. म्हणून आज आमचे म्हणणे एवढेच आहे की, खेळाची पारख त्याच्या जातीच्या धर्माने व्हावी, आणि ती ज्याने तो खेळ हाताने खेळला आहे त्याने करावी.

हे खेळ जन्मले कसे, हे थोडक्यात सांगतो. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थशास्त्रज्ञाने, भेटीला येणाऱ्या नागरिकांची करमणूक व्हावी म्हणून, ऑसिलोस्कोपच्या चिमुकल्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतील तरुणांनी ‘स्पेसवॉर’ रचला. १९७२ मध्ये ‘अटारी’ कंपनीचा ‘पाँग’ आला आणि हा खेळ प्रयोगशाळेतून बाजारात उतरला.

योगायोग असा की, ज्या १९५८ साली हिगिनबॉथमचा चेंडू पडद्यावर उडाला, त्याच साली फ्रान्समध्ये रोझे कायवा या विचारवंताचा माणसाच्या खेळांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या डोळ्यांसमोर व्हिडिओ गेम नव्हते. पण त्याने केलेली विभागणी आम्हांला अजूनही उपयोगी पडते. खेळाच्या मुळाशी चार प्रवृत्ती असतात, असे तो म्हणतो: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. हे ऐकायला परके वाटेल, पण आपल्या अंगणात पाहा. हुतूतू ही स्पर्धा. सापशिडी हे दैव. भातुकली हे सोंग. आणि फुगडी ही भोवळ; तिच्यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, जग गरगर फिरते यातच तिचा आनंद. आता फुगडी पाहून कोणी लिहिले की ‘या खेळात निकाल लागत नाही, सबब खेळ सदोष’, तर त्याला आपण काय म्हणू? तरी छापून येणाऱ्या कितीतरी परीक्षणांत नेमकी हीच चूक असते.

आता वेगवेगळ्या जातींचे चारदोन नमुने घेऊन पाहू.

पहिला नमुना कोड्याचा. ‘टेट्रिस’ हा खेळ १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाझित्नोव्ह यांनी रचला. ज्या यंत्रावर तो प्रथम चालला, त्याला चित्र काढताच येत नव्हते. म्हणून त्यांनी चौकोनाच्या जागी कंस छापले. चार चार चौकोनांचे सात आकार, वरून खाली पडणारे. ओळ भरली की नाहीशी होते. एवढाच खेळ. यात कथा नाही, पात्र नाही, देखावा नाही. कथेच्या मापाने याला शून्य गुण पडतील. पण कोड्याचा धर्म निराळा: नियम किती थोडे, आणि त्यांतून उभे राहणारे प्रसंग किती अगणित! या कसोटीवर टेट्रिस बुद्धिबळाच्या पंगतीला बसतो. त्याची १९८९ सालची एक आवृत्ती कोणालाच जिंकता येणार नाही अशी वर्षानुवर्षे समजूत होती. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील तेरा वर्षांच्या एका मुलाने ती इतकी पुढे नेली की यंत्रच थिजले. तोवर मनुष्याच्या हातून हे कधी घडलेले नव्हते. कोडे इतकी वर्षे पुरून उरते, यापरते दुसरे प्रशस्तिपत्र कोणते?

दुसरा नमुना उड्या मारण्याच्या खेळाचा. जपानच्या ‘निन्टेन्डो’ कंपनीसाठी शिगेरू मियामोतो यांनी केलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली आला. याच्या पहिल्याच पडद्यावर एक छोटा शत्रू समोरून चालत येतो. खेळणाऱ्याला कोणी काही शिकवलेले नसते. तो उडी मारतो किंवा मरतो. मेला तरी दोन क्षणांत पुन्हा उभा राहतो. उडी मारताना डोके वरच्या विटेला लागते, विटेतून अळंबी बाहेर पडते, पुढच्या नळाला आपटून परत त्याच्याकडेच येते. ती अंगाला लागताच मारिओ मोठा होतो. एक अक्षर न लिहिता चार धडे दिले गेले! उत्तम शिक्षकाचे लक्षण हेच की, शिकवल्याचे विद्यार्थ्याला कळूही नये. अशा खेळाच्या परीक्षकाने दोन गोष्टी पाहाव्यात: हाताने केले ते पडद्यावर तसेच उमटते काय, आणि हरल्यावर ‘चूक माझीच’ असे प्रामाणिकपणे वाटते काय. दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर खेळ कितीही कठीण असो, तो न्यायी आहे. ‘नाही’ असेल, तर कितीही सुंदर असो, तो लबाड आहे.

तिसरा नमुना व्यूहरचनेचा. १९९१ साली सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा ‘सिव्हिलायझेशन’ प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी ४००० वर्षे एक वसाहत स्थापून तिचे साम्राज्य करायचे आणि अखेरीस अंतराळात यान सोडायचे, असा त्याचा पल्ला. असल्या खेळांना पुढे जे नाव पडले, ते एका परीक्षकाने दिले आहे. १९९३ साली ॲलन एमरिक याने ‘मास्टर ऑफ ओरायन’ या दुसऱ्या खेळाविषयी लिहिताना या जातीचे सूत्र चार शब्दांत बांधले. मराठीत सांगायचे तर: शोधा, पसरा, उपसा, संपवा. त्याने हे कौतुकाने लिहिले. पण दीडशे वर्षे परक्यांचे राज्य भोगलेल्या देशातल्या माणसाने ते चार शब्द वाचले की त्याला निराळाच इतिहास आठवतो. ज्यांचे उपसले गेले आणि ज्यांना संपवण्यात आले, त्यांच्या बाजूने हा खेळ खेळताच येत नाही, हे सांगणे परीक्षकाचे काम नव्हे काय? खेळ गोड आहे, बुद्धीला खाद्य देणारा आहे, मध्यरात्र केव्हा उलटली हे कळू देत नाही, हे सर्व खरे. आणि तो इतिहासाची एकच बाजू शिकवतो, हेही खरे. दोन्ही एकाच परीक्षणात आले पाहिजे.

याच खेळाविषयी एक दंतकथा फार पसरली. मूळ खेळात गणिताच्या चुकीमुळे महात्मा गांधी अकस्मात अण्वस्त्रे टाकू लागत, अशी ती कथा. लेखांमागून लेखांत ती छापली गेली. २०२० साली सिड मायर यांनी आपल्या आत्मवृत्तात स्पष्ट सांगितले की अशी चूक मूळ खेळात नव्हतीच. पुढे २०१० च्या पाचव्या आवृत्तीत मात्र रचनाकारांनी ती गोष्ट थट्टेने मुद्दाम घातली. सांगण्याचा मुद्दा हा की, खेळून न पाहता ऐकीव गोष्ट पुढे ढकलणारा परीक्षक अफवेचा हमाल होतो.

चौथा नमुना सांगताना आम्हांला स्वतःची चूक कबूल करावयाची आहे. लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ हा २०१३ सालचा खेळ. आर्स्टोत्स्का नावाच्या काल्पनिक राष्ट्राच्या सीमेवर आपण पारपत्रे तपासणारे कारकून असतो. रांगेतला एकेक माणूस पुढे येतो. त्याची तारीख, शिक्का, छायाचित्र जुळवायचे आणि आत सोडायचे किंवा परत पाठवायचे. पहिल्या संध्याकाळी आम्ही तासभर खेळलो आणि टिपणवहीत लिहिले, ‘रटाळ. कचेरीचे काम घरी आणल्यासारखे.’ ते तसेच छापायला द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी, निव्वळ कर्तव्य म्हणून, पुन्हा बसलो. एक माणूस आला, त्याचे कागद बिनचूक होते, त्याला सोडले. जाताना म्हणाला की मागून आपली पत्नी येत आहे, तिच्याशी दयेने वागा. पत्नी आली, तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नव्हता. तिला सोडावे तर चूक आपल्या नावावर चढते, आणि चुका वाढल्या की मजुरी कापली जाते. दिवसाअखेर त्या मजुरीतून घरचे अन्न, कोळसा आणि औषध भागवायचे असते. तिला अडवले तर नियम पाळला जातो आणि एक संसार मोडतो. आमचा हात शिक्क्यावर थांबला. तेव्हा कळले की ते रटाळपण हा दोष नव्हता. ती त्या खेळाची भाषा होती. सज्जन माणूस दुष्ट यंत्रणेचा दाता कसा बनतो, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि आपल्याच हाताने शिक्का मारताना कळणे निराळे. टिपणवहीतली ओळ आम्ही खोडली. पण दुसऱ्या दिवशी बसलो नसतो तर? तर ती ओळ छापली गेली असती, आणि ती वाचून कोणीतरी या खेळाकडे पाठ फिरवली असती.

म्हणूनच आम्ही म्हणतो, खेळल्यावाचून मत देऊ नये. रॉजर एबर्ट हे अमेरिकेतील फार मोठे चित्रपटसमीक्षक. ‘व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत’ असे त्यांनी २०१० साली ठासून लिहिले. हजारो वाचकांनी प्रतिवाद केला. काही महिन्यांतच त्यांनी मोठ्या मनाने मान्य केले की, जे आपण अनुभवलेच नाही त्याविषयी बोलायला नको होते. त्यांचे मूळ मत त्यांनी सोडले नाही. पण आपला अधिकार कोठे संपतो हे सांगितले. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने टेट्रिससह चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले. कला की कला नव्हे, हा वाद विद्वानांनी चालू ठेवावा. आम्हांला त्याहून जवळचा प्रश्न वाटतो तो प्रामाणिकपणाचा.

प्रामाणिकपणाचा विषय निघाला की गुणांचा विषय येतो. जपानमधील ‘फामित्सू’ या १९८६ साली निघालेल्या नियतकालिकाने चार परीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यावेत अशी पद्धत रूढ केली. चाळीसपैकी चाळीस गुण पहिल्यांदा मिळाले ते १९९८ साली, ‘झेल्डा’ मालिकेतील एका खेळाला. २००१ साली निघालेल्या ‘मेटाक्रिटिक’ने सर्व परीक्षकांचे गुण एकत्र करून शंभरपैकी एक आकडा काढायला आरंभ केला. सोय झाली खरी. पण आकडा आला की वाचन संपते. २०१० च्या ‘फॉलआउट : न्यू वेगास’ या खेळाच्या कर्त्यांना प्रकाशकाकडून बोनस मिळायचा होता तो हा आकडा ८५ झाला तर. तो झाला ८४. कोणा परीक्षकाने जेवणानंतर सुस्तीत साताऐवजी आठ लिहिले असते, तर कित्येकांच्या घरी चार पैसे अधिक गेले असते! एवढे वजन जर आकड्याला असेल, तर तो लिहिणाऱ्याचा हात थोडा कापलाच पाहिजे.

उलट बाजूही आहे. ‘सायबरपंक २०७७’ हा पोलंडमध्ये झालेला खेळ डिसेंबर २०२० मध्ये निघाला. प्रकाशनापूर्वी परीक्षकांना तो सामर्थ्यवान संगणकांवरच दिला गेला. त्यांनी भरभरून गुण दिले. सामान्य गिऱ्हाइकाने आपल्या जुन्या प्लेस्टेशनवर लावला, तो धड चालेना. आठवडाभरात ‘सोनी’ने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि लोकांना पैसे परत दिले. परीक्षक खोटे बोलले नव्हते. परंतु त्यांच्या पानात जे वाढले गेले तेच सर्वांच्या पानात वाढले जाईल, असे त्यांनी गृहीत धरले. परीक्षकाने आपण कोठे, कशावर आणि किती खेळलो हे आधी सांगावे, हा धडा त्यातून घ्यावा.

आता घरच्या खेळाविषयी. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली राजी नावाची मुलगी, तिला साहाय्य करणारी दुर्गा, कळसूत्री छायाबाहुल्यांसारखी सांगितलेली कथा, किल्ले आणि मंदिरे. हे सारे पडद्यावर पाहून आमचा ऊर भरून आला, हे लपवत नाही. पण ऊर भरून येणे म्हणजे परीक्षण नव्हे. याची दृश्ये अप्रतिम आहेत. याच्या लढाया मात्र ढिल्या आहेत. केलेला वार आणि लागलेला वार यांत जो तंतोतंत मेळ हवा, तो जागोजाग सुटतो. मारिओला लावलेली कसोटी राजीलाही लावली पाहिजे. आपले म्हणून दोष झाकले, तर आपण त्या तरुणांना लहान लेखले असे होईल. परदेशी परीक्षकाने दोष दाखवावा आणि आम्ही टाळ्या वाजवाव्यात, यात अभिमान कसला?

एक गोष्ट मात्र सर्व जातींच्या खेळांत पाहिली पाहिजे: खेळ आपल्याकडून काय घेतो. कायवाने सांगितलेले दैव आज मोठा व्यापार झाले आहे. आपल्या जुन्या मोक्षपटात दैव होतेच. पण तेथे शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण, फाशामागे एक शिकवण होती. आजच्या कित्येक खेळांत पैसे भरून बंद पेटी उघडायची असते आणि आत काय निघेल ते नशिबावर. तेथे फाशामागे फक्त गल्ला असतो. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्या जुगारात गणल्या. आपल्या संसदेने २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. कायदा आपले काम करील. परंतु खेळाचे गोड वेष्टन फोडून आतला जुगार दाखवणे हे परीक्षकाचे काम आहे, आणि ते कायद्याच्या आधी व्हायला हवे. जो खेळ वेळ घेऊन आनंद देतो तो आमच्या परीक्षणाचा विषय. जो आनंदाचे आमिष दाखवून खिसा घेतो, त्याला गुण देणेच अयोग्य.

शेवटी त्या शेजारच्या गृहस्थांकडे येतो. आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि मुलाशेजारी बसलो. तो ‘माइनक्राफ्ट’ खेळत होता. हा २०११ सालचा खेळ. सगळे जग ठोकळ्यांचे, फोडावे आणि रचावे. मुलगा किल्ला बांधत होता. दुहेरी तटबंदी, बुरूज, आणि दरवाजा दोन बुरुजांच्या आड वळणात लपवलेला. आम्ही विचारले, “दरवाजा समोर का नाही काढलास?” तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “समोर काढला तर हत्ती पळत येऊन धडक मारेल ना! वळणात त्याला पळायला जागाच नाही. रायगडावर तसंच आहे.” वडील मागे उभे होते. ते पुढे आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “पाण्याचं टाकं कुठं आहे तुझ्या गडावर?” टाके नव्हते. मग बापलेकांत त्यावरून बराच खल झाला.

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलाला ‘यात जिंकतो कोण?’ असे आपण विचारत नाही. या खेळालाही तो प्रश्न गैरलागू आहे. त्याची कसोटी एवढीच की, मनात आलेले हाताने घडते काय, आणि घडल्यावर दुसरे काही मनात येते काय. त्या गृहस्थांना हवा असलेला एक शब्द आम्ही अखेरपर्यंत दिला नाही. तो त्यांना आता नको होता.

आपल्याकडे नाट्यपरीक्षणाची मोठी परंपरा आहे. नाटक पडले तरी त्यावरचा लेख चवीने वाचणारा वाचक महाराष्ट्राने घडवला. तोच वाचक पडद्यावरच्या खेळांनाही मिळावा, अशी आमची इच्छा आहे. खेळ कोणत्या जातीचा, तो खेळणाऱ्याला काय करायला लावतो, न्यायाने वागतो काय, जगाविषयी काय सांगतो, आणि मोबदल्यात काय घेतो, या पाच प्रश्नांची उत्तरे साध्या मराठीत कोणी लिहिली, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘किती वेळ खेळलास?’ यापलीकडे मुलांशी बोलायला काही सापडेल. आज तेवढीच एक ओळ दोन पिढ्यांमध्ये उरली आहे.

घरी गेल्यावर मुलांना खेळाचे नाव तेवढे विचारावे, अशी विनंती करून आमचे भाषण संपवतो.